रेकॉर्डर मुलांच्या हातात

आमच्या शाळेत एक प्रोजेक्टर आहे, दोन संगणक आहेत, लोकवर्गणीतून घेतलेले मोजके टॅबलेट आहेत आणि मुलांसाठी म्हणून बाजूला ठेवलेला एक जुना मोबाइल आहे. शाळा पाहायला येणारे शिक्षक विचारतात, यातल्या कशाचा मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला? विचारताना बहुतेकांची नजर भिंतीवरच्या पडद्याकडे असते. मी त्यांना जुन्या मोबाइलमधलं आवाज रेकॉर्ड करायचं ॲप उघडून दाखवते. बहुतेक फोनमध्ये ते आधीपासूनच असतं, त्याला इंटरनेट लागत नाही की पैसे पडत नाहीत. मुलांचं वाचन सुधारण्यासाठी त्याच्याइतकं कामाचं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. दिवाळी झाली की गावातली तरणी माणसं ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, टोळी ठरलेली असते, आणि ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मुलांपैकी काही आजी-आजोबांकडे राहतात, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते, काही आईबापांबरोबर फडावर जातात. शाळेचं वर्ष असं मधोमध चिरलेलं असतं. जे मूल वर्गात आहे, त्याचा आजचा तास फुकट जाऊ नये, ही इथली पहिली गरज. म्हणून कुठलंही यंत्र वर्गात येतं तेव्हा मी एकच गोष्ट पाहते: याच्यामुळे मुलाला उद्या आपलं आपण काही करता येणार आहे का?

प्रोजेक्टर आला तो ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाच्या काळात. त्याचा शासन निर्णय २२ जून २०१५चा. ठाणे जिल्ह्यातल्या पष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचं नाव तेव्हा आमच्या शिक्षण परिषदांमध्ये सतत निघायचं. डोंगरातल्या एका छोट्या शाळेने हे करून दाखवलं, मग आपण का नाही, या विचाराने गावोगाव वर्गणी गोळा झाली. आमच्याकडे ऊसतोडीवरून परतलेल्या माणसांनीही पैसे दिले. त्या पैशांची किंमत मला माहीत आहे, म्हणून त्या प्रोजेक्टरबद्दल मी हलकं बोलत नाही. हृदयाच्या झडपा कशा उघडमीट करतात, चंद्राच्या कला कशामुळे दिसतात, ज्वालामुखीतून लाव्हा कसा वाहतो, हे फळ्यावर खडूने काढून जेवढं कळतं त्यापेक्षा पडद्यावर कितीतरी जास्त कळतं. ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांना भरती-ओहोटी दाखवता येते.

पण दाखवणं आणि करता येणं यांत अंतर आहे. पडद्यावर कविता लागली की सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळ्यांना येतंय. त्या सुरात कोण वाचतंय आणि कोण शेजाऱ्याचं ऐकून ओठ हलवतंय, हे कळत नाही. तिसरीतलं मूल कविता तोंडपाठ म्हणतं आणि त्याच कवितेतला एक शब्द बोटाने दाखवून विचारला की थांबतं. वाचन, लेखन, मोजणी, पडताळणी ही कौशल्यं बघून येत नाहीत. ती करून येतात, चुकून येतात आणि पुन्हा करून पक्की होतात.

रेकॉर्डरची ताकद मला करोनाच्या काळात कळली. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांना तिचा आधार मिळाला. बाकीच्यांसाठी आम्ही वाडीवस्तीवर फिरत होतो, ओट्यावर, झाडाखाली बसवून शिकवत होतो. ज्यांच्या घरात साधासा का होईना स्मार्टफोन होता, त्यांना मी व्हॉट्सॲपवर एक परिच्छेद पाठवायची आणि वाचून आवाज पाठवायला सांगायची. व्हिडिओला डेटा फार लागतो, आवाजाला थोडा पुरतो, एवढंच त्यामागचं कारण होतं.

मग एका आजीने फोनवर तक्रार केली. म्हणाली, “मॅडम, ही पोरगी एकच धडा धाधा बार वाचायलीय, फोन काय सोडंना.” मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, “आधीचं ऐकलं, चांगलं नव्हतं. म्हनून पुसलं.” हे मला फार महत्त्वाचं वाटलं. वर्गात एखाद्या मुलाला तोच परिच्छेद पुन्हा वाच म्हटलं तर त्याला ती शिक्षा वाटते. इथे कुणी न सांगता मूल पुन्हा पुन्हा वाचत होतं, कारण आपलं वाचन त्याला पहिल्यांदाच बाहेरून ऐकू येत होतं. मी चूक दाखवली असती तर ती माझी झाली असती. रेकॉर्डरने ऐकवलेली चूक त्याची स्वतःची होती, आणि ती पुसायचं बटणही त्याच्याच हातात होतं.

शाळा उघडल्यावर आम्ही हे वर्गात आणलं. पद्धत साधी आहे. दोघांची जोडी. एकाने एक मिनिट वाचायचं, दुसऱ्याने फोन धरायचा. मग दोघांनी पुस्तक समोर ठेवून ऐकायचं आणि जिथे अडलं, गाळलं किंवा वेगळंच वाचलं, त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढायची. त्या शब्दांचा वेगळा सराव करायचा आणि पुन्हा रेकॉर्ड करायचं. पहिलं आणि दुसरं वाचन एकापाठोपाठ ऐकायचं. रेघा कुठे जमतात ते पाहिलं की मला मुलाची अडचण समजते. एकाच्या रेघा जोडाक्षरांखाली असतात. दुसरा ‘बसला होता’ याचं ‘बसला आहे’ करतो. म्हणजे तो अंदाजाने वाचतो, पण अर्थ धरून वाचतो. तिसऱ्याची अक्षरं सगळी बरोबर असतात आणि पूर्णविरामाला तो थांबतच नाही, म्हणजे त्याला अजून अर्थ लागत नाही. तीन मुलं, तीन वेगळे उपाय. सगळा वर्ग मोठ्याने वाचत असताना हे मला कधीच ऐकू आलं नसतं.

निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असं उद्दिष्ट आहे. रेकॉर्डिंग असलं की हे मोजणं सोपं जातं. पण वेगाचा आकडा मी मुलांसमोर फारसा आणत नाही. आकडा कळला की शर्यत लागते आणि अर्थ मागे पडतो. म्हणून प्रत्येक वाचनानंतर जोडीदाराने एक प्रश्न विचारायचा, असा आमचा नियम आहे. उत्तर आलं नाही तर वाचन पुरं झालं असं धरत नाहीत. हा नियम मुलं माझ्यापेक्षा कडक पाळतात.

रेकॉर्डिंग करायला शांत जागा लागते आणि आमच्या शाळेत तशी जागा एकच निघाली: पोषण आहाराच्या तांदळाची खोली. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही. हे मुलांनीच शोधलं. आधी व्हरांड्यात, मग कडुनिंबाखाली, मग वर्गाच्या कोपऱ्यात आणि शेवटी या खोलीत रेकॉर्ड करून त्यांनी चारही आवाज ऐकले आणि खोलीला पसंती दिली. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि मऊ वस्तू तो शोषून घेतात, हा वरच्या वर्गातल्या विज्ञानाचा मुद्दा चौथीच्या मुलांनी भाषेच्या तासाला शिकून घेतला.

या कामाला खरा जोर आला तो दिवाळीनंतर. आईबाप फडावर गेलेल्या मुलांनी वाचलेली गोष्ट त्यांना पाठवायची, असं आम्ही ठरवलं. वाचायला काय द्यायचं हा प्रश्न बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाने सोडवला. १९७१पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. मुलं टॅबलेटवर अंक चाळतात, आईला आवडेल अशी गोष्ट निवडतात, सराव करतात आणि रेकॉर्ड करतात. रात्री कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक आटोपला की आई ती ऐकते. शेजारच्या कोप्यांतल्या बायाही ऐकायला बसतात, असं एका बाईने कळवलं. काही आयांना अक्षरओळख नाही. मुलाच्या वहीतलं सुंदर अक्षर त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हतं, मुलाचं वाचन पोहोचलं.

कौशल्य वाढायला सराव लागतो आणि सरावाला कारण लागतं. ‘परीक्षेत येईल’ हे कारण नऊ वर्षांच्या मुलाला पुरत नाही. ‘आई ऐकणार आहे’ हे पुरतं. एरवी वाचायला टाळणारी मुलं तांदळाच्या खोलीसमोर नंबर लावून उभी राहिली ती या एका कारणासाठी. वाचन वाढवण्यासाठी याच्याइतका परिणामकारक उपाय मला तरी माहीत नाही.

वाचनासाठी तयार ॲपही मी वापरलं. गूगलने २०१९मध्ये ‘बोलो’ नावाने आणलेलं आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेलं ॲप मूल वाचत असताना ऐकतं, चुकलेला शब्द दाखवतं, शब्दावर बोट ठेवलं की उच्चार ऐकवतं. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की ते इंटरनेटशिवाय चालतं, म्हणून आमच्यासारख्या ठिकाणी सोयीचं आहे. बुजऱ्या मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. माणसासमोर अडखळायला लाजणारं मूल ॲपसमोर धीटपणे अडखळतं. पण ॲपला आवाज कळतो, मूल कळत नाही. मूल कंटाळलं आहे, भुकेलं आहे की गोष्ट समजून थांबलं आहे, हे त्याला दिसत नाही. आमच्या भागातला ‘न’ आणि ‘ण’ यांचा उच्चार, बोलण्यातला हेल, याच्यापुढेही त्याची गडबड होते. म्हणून ते सरावापुरतं. गोष्टीवर बोलायला मीच बसते.

लिहिण्याच्या बाबतीत बोलून टाइप करण्याची सोय कामाला आली. ऑगस्ट २०१७मध्ये गूगलने मराठीसह आणखी काही भारतीय भाषांसाठी ती सुरू केली. आमच्याकडे अशी मुलं आहेत, जी बैलपोळ्याची मिरवणूक रंगवून सांगतात आणि वहीत दोन ओळींच्या पुढे जात नाहीत. त्यांच्याकडे सांगायला आहे, फक्त हात साथ देत नाही. अशा मुलाला मी फोनसमोर सांगायला लावते. बोललेलं पडद्यावर उमटताना पाहून त्याला कळतं की आपल्याजवळ पानभर मजकूर होता.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. पडद्यावरच्या मजकुरात विरामचिन्हं धड नसतात, वाक्यं एकमेकांत घुसलेली असतात, काही शब्द भलतेच असतात. आमच्या मुलांच्या ‘कोपी’चं मशीन हटकून ‘कॉपी’ करतं. मुलं हा मजकूर वाचतात, वाक्यं तोडतात, चुकीचे शब्द बदलतात, दोनदा आलेलं काढतात आणि मगच वहीत उतरवतात. लिहिलेलं सुधारायचं असतं, पहिल्या खर्ड्याशी थांबायचं नसतं, हे मी फळ्यावर कितीही सांगितलं असतं तरी पटलं नसतं. वहीत खाडाखोड करायला मुलं घाबरतात. पडद्यावर खाडाखोड दिसत नाही, म्हणून ती मोकळेपणाने बदल करून पाहतात. पुढे हीच सवय वहीत येते. हे करताना मी एक पथ्य पाळते: पहिली-दुसरीला बोलून टाइप करणं देत नाही. अक्षर हाताने गिरवत, काढत शिकण्याचं ते वय आहे आणि त्या कष्टाला पर्याय नाही.

गणितात आम्ही गावच्या विहिरीपासून सुरुवात केली. सहावी-सातवीची मुलं दर आठवड्याला दोरीला दगड बांधून सार्वजनिक विहिरीतलं पाणी काठापासून किती खाली आहे ते मोजतात. मोजताना मोठं माणूस बरोबर असतंच. नोंदी आधी वहीत होतात, आलेख आधी आलेखकागदावर हाताने काढला जातो. प्रमाण कसं धरायचं, अक्षावर काय लिहायचं, हे हाताने काढल्याशिवाय अंगी येत नाही. त्यानंतर तेच आकडे संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये जातात आणि क्षणात आलेख तयार होतो.

एकदा दोन गटांनी तेच आकडे घेऊन दोन आलेख काढले. एकात पाणी झपाट्याने आटलेलं दिसत होतं, दुसऱ्यात जेमतेम हललेलं. मुलं एकमेकांशी भांडू लागली. बारकाईने पाहिल्यावर कळलं की एका गटाचा अक्ष शून्यापासून सुरू होत होता आणि दुसऱ्या गटाचा मधूनच. आकडे खरे असूनही चित्र फसवं असू शकतं, हे त्या तासाला त्यांना समजलं. आता वर्तमानपत्रात आलेख दिसला की आधी अक्षाची सुरुवात कुठून आहे ते पाहतात. हे एक कौशल्य त्यांना आयुष्यभर पुरेल.

शेकडेवारीसाठी विषय मुलांच्या घरातूनच आला. जानेवारी २०२४मध्ये ऊसतोड मजुरीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ही बातमी गावात प्रत्येकाच्या तोंडी होती. ३४ टक्के म्हणजे नेमके किती, याचा अंदाज मात्र वेगवेगळा होता. मुलांनी स्प्रेडशीटमध्ये जुना दर मांडला, त्याला १.३४ने गुणायचं सूत्र बसवलं, दिवसाला किती टन ऊस तुटतो तो आकडा पुढच्या घरात घातला आणि एका आठवड्याची मजुरी काढली. मग उचल किती टनांनंतर फिटेल हे काढायचा रकाना त्यांनी स्वतः जोडला. घरची खरी रक्कम कुणी सांगायची नाही, कल्पित आकडे घ्यायचे, हे मी आधीच ठरवून दिलं होतं. कुणाच्या कर्जाची चर्चा वर्गात होऊ नये. पण पद्धत खरी होती. एक आकडा बदलला की खालचे सगळे आकडे बदलतात, हे पाहून त्यांना चल राशी म्हणजे काय ते कळलं. पुस्तकातल्या क्ष आणि य यांची भीती त्यानंतर कमी झाली.

डिजिटल साधनांनी द्यायचं आणखी एक कौशल्य आहे, ज्याला मी वाचन-लेखनाइतकंच महत्त्व देते: आलेली माहिती खरी की खोटी हे पडताळणं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं होती. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने तिच्या परीने उपाय केला. पण बोट ज्याचं, त्याची शहाणीव वाढवणं हे शाळेचं काम आहे.

सातवीच्या मुलांना मी ही घटना सांगते. त्यांच्या वयाला पेलेल अशा शब्दांत, पण काही लपवून ठेवत नाही. मग आम्ही खरे संदेश तपासायला घेतो. कुणी पाठवलं, मूळ कुणी लिहिलं, तारीख आहे का, गावाचं नाव आहे का, हीच बातमी दुसऱ्या वर्तमानपत्रात आहे का, फोटो गूगल लेन्समध्ये टाकला तर तो आधी कुठे आलेला दिसतो, गावात विचारायला जबाबदार माणूस कोण. एका पावसाळ्यात अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी असल्याचं कात्रण गावभर फिरलं. आमच्या एका मुलाने कात्रणातली तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडून पाहिले. जुळले नाहीत. कात्रण आधीच्या एका वर्षाचं होतं. त्याने ते गावाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं आणि मोठ्या माणसांनी मान्य केलं. बारा वर्षांच्या मुलाने गावाला पुराव्यासह सांगितलं, हे माझ्या लेखी शिक्षणाचं मोठं फळ आहे.

आता मुलांच्या हाताशी उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही आली आहेत. निबंध मागितला की क्षणात निबंध मिळतो. त्यावर बंदी घालून उपयोग नाही, घरी दादाच्या फोनवर ते आहेच. आम्ही ते वेगळ्या तऱ्हेने वापरतो. मुलं आधी आपल्या गावावर स्वतः लिहितात. मग मशीनला तोच विषय देतो आणि त्याचं लेखन फळ्यावर तपासतो. मशीन आमच्या गावाला नदी देतं, हिरवीगार शेतं देतं. भाषा सफाईची असते आणि माहिती आमच्या गावाची नसते. मुलं एकेक चूक हेरतात, कारण गावाची माहिती त्यांच्याकडे आहे. सफाईदार भाषा म्हणजे खरं असं नव्हे, आणि चूक ओळखायला आपल्याजवळ आधी ज्ञान लागतं, हे दोन्ही धडे एका तासात मिळतात.

हे सगळं सुरळीत चालतं असं कुणी समजू नये. दुपारी वीज जाते. पावसाळ्यात नेटवर्क मिळत नाही. ज्या फोनवर मुलं रेकॉर्ड करतात, त्याची बॅटरी लवकर उतरते. शिक्षकाचा स्वतःचा फोन दिवसभर ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेला असतो. पोर्टलवर नोंदी करण्यात जाणारा वेळ वर्गातून जातो, आणि त्याबद्दल शिक्षकांनी बोलत राहिलं पाहिजे. म्हणूनच मी इंटरनेटशिवाय चालणारी साधनं आधी निवडते: रेकॉर्डर, कॅमेरा, स्प्रेडशीट, उतरवून ठेवलेली पुस्तकं. जे वीज गेल्यावरही तासभर चालतं, तेच खेड्यातल्या शाळेत टिकतं.

दुसरी अडचण खोलवरची आहे. ग्रामीण शिक्षणाच्या ‘असर’ पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलामुलींपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात शिकण्यासाठी स्मार्टफोन वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. स्वतःचा फोन असण्यात मुली मुलांच्या मागे आहेत. आमच्या गावातही घरातला फोन आधी भावाच्या हातात जातो. त्यामुळे वर्गात टॅबलेट आणि फोन आधी मुलींच्या हातात द्यायचे, असा आमच्याकडे पक्का नियम आहे. गटात टाइप करायचं काम मुलाने आणि नटूनथटून सादरीकरण करायचं काम मुलीने, अशी वाटणी होऊ देत नाही. ज्या मुलीने स्वतः सूत्र बसवून स्प्रेडशीट चालवली, ती पुढे कुठल्याही कार्यालयात संगणकासमोर बसायला बिचकणार नाही.

तिसरी गोष्ट मुलांच्या खासगीपणाची. मुलांचे आवाज आणि फोटो मी शाळेबाहेर कुठेही टाकत नाही. रेकॉर्डिंग फक्त त्या मुलाच्या आईवडिलांना जातं, तेही त्यांना विचारून. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पण कायदा नसता तरी हे पाळायला हवं होतं. अडखळत वाचणाऱ्या मुलाचा व्हिडिओ गावभर फिरला तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. शाळेची प्रसिद्धी मुलाच्या संकोचावर उभी राहता कामा नये.

सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं काम करणारे रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२०मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं आणि त्यांनी पुरस्काराची अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. आमच्यासारख्याच शाळेतून हे घडलं, याचा मला अभिमान आहे. पण प्रत्येक शिक्षकाला पुरस्काराएवढं मोठं काही शोधावं लागत नाही. बहुतेक वेळा साधन आपल्या खिशातच असतं. ते मुलाच्या हातात कशासाठी द्यायचं, एवढं ठरवावं लागतं.

म्हणून माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. नवं उपकरण मिळण्याची वाट पाहू नका आणि असलेलं उपकरण नुसतं दाखवण्यात संपवू नका. या आठवड्यात वर्गातल्या एका मुलाचं एक मिनिटाचं वाचन रेकॉर्ड करा, त्याला ऐकवा, दुसऱ्यांदा वाचू द्या आणि त्याच्या घरच्यांपर्यंत पोहोचवा. तास संपल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा: आज मुलाने स्वतः काय केलं, केलेलं त्याने स्वतः तपासून सुधारलं का, आणि ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तुमचा वर्ग डिजिटल झाला, मग तुमच्याकडे साधा एक फोन असला तरी चालेल.